माह्यं मी सांगन

वर्ध्याजवळच्या आंजीच्या बसथांब्यासमोर टेलिफोनचा बूथ होता तेव्हा तिथे दिवसभर डाळ पाखडल्याचा आवाज यायचा. कोणी आत शिरून नंबर फिरवला की इंदूमावशी उठायची, भिंतीवरचं सूप काढायची, डब्यातली तुरीची डाळ त्यात ओतायची आणि बाहेर कडुनिंबाखाली बूथकडे पाठ करून बसायची. मग पाखडणं सुरू. आत कोणी पुण्याच्या पोराला रागावत असायचं, कोणी सोयरिकीचं बोलत असायचं, कोणी नुसतंच रडत असायचं. बाहेर फक्त सूप ऐकू यायचं. बोलणं संपलं की बिलाचं यंत्र किर्र वाजायचं. मगच मावशी वळून पाहायची.

बूथला काचेची खोली नव्हती. फोन उघड्या टेबलावर होता आणि थांब्यावरच्या माणसांना कान होते. त्यावर मावशीने काढलेला हा उपाय. डाळ मात्र महिनोन्‌महिने तीच असायची. शेजारच्या टपरीवरचे बापूराव चहा गाळता गाळता विचारायचे, "इंदूबाई, एवढी साफ डाळ जिल्ह्यात कोनाच्या घरी नाई. शिजवनार कवा?"

"तुमच्या बायकोचं माहेराशी बोलनं संपलं का शिजवतो," मावशी म्हणायची.

बिल फाडून देतानाही तिचा अंगठा नंबरावर असायचा. पैसे दिसतील एवढंच ती पाही. कागद गिऱ्हाइकाच्या हातात देत म्हणे, "घे. हे तुह्यं हाय."

यावरून कोणाला वाटेल की बाई मितभाषी, सोशिक असेल. अजिबात नाही. इंदूमावशीसारखी बोलघेवडी बाई मी पाहिली नाही. स्वतःच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनची हकीकत तिने एस.टी.च्या कंडक्टरला सांगितली होती, तिकीट फाडून होईपर्यंत. नवरा, म्हणजे कापसाच्या जिनिंगमधले फिटर भगवानकाका, कसे घोरतात ते ती आवाज काढून दाखवायची, काका समोर बसलेले असताना. सासूशी झालेली भांडणं, वजन, दात, सगळं खुलं. कोणी म्हटलं की मावशी, हे काय चारचौघांत, तर तिचं उत्तर ठरलेलं, "माह्यं मी सांगन. माह्यं हाय ना." आणि त्याच बाईला शेजारणीविषयी काही विचारा. "थे तिले विचार," म्हणून ती वाक्य संपवायची आणि पान लावायला घ्यायची.

मी तिची सख्खी भाची नव्हे. आंजी माझ्या आईचं माहेर आणि मावशीचं घर आमच्या आजोळच्या भिंतीला भिंत लावून. माझे वडील बोरगाव मेघेला छोटा छापखाना चालवतात. मोर्चे, संप, परीक्षेची फी, नळाला न येणारं पाणी, या सगळ्याची पत्रकं आमच्या घरात छापली गेली. मी त्यांच्याच कोऱ्या पाठींवर अक्षरं गिरवली. दुसरीत असताना मला 'पाऊस' लिहिताना अडायचं, पण 'जाहीर निषेध' मी न अडखळता वाचत असे. सुट्टीत आंजीला गेले की मावशी लांबूनच ओरडायची, "आली पत्रकवाली. आज कोनाचा निषेध हाय?"

मोबाइल आले आणि बूथ गेला. पिवळी पाटी तिने काढली नाही, उलट दर दिवाळीला रंगवून घ्यायची. पाटीखाली आता रिचार्ज, झेरॉक्स, सातबारा, पीकविमा, आधारची कामं होऊ लागली. पन्नाशीत ती संगणक शिकली, पुष्कळ चुका करत आणि संगणकाला शिव्या देत. झेरॉक्सची एखादी प्रत वाकडी आली की गिऱ्हाईक म्हणायचं, राहू द्या, फेकून द्या. ती फेकत नसे. "तुहं आधार हाय ना त्याच्यावर? मंग घरी ने, चुलीत घाल. माह्या दुकानात तुहं तोंड कायले पडून राह्यलं पाह्यजे?" चार्जिंगला लावलेले फोन ती पालथे ठेवायची. पडद्यावर कोणाचा निरोप झळकला तरी तो भिंतीने वाचू नये, असा तिचा हिशेब.

एकदा मी दुकानात असताना मोटारसायकलवरून एक गोरागोमटा तरुण आला. शर्टावर कंपनीचं चिन्ह, बोलणं गोड. तो एका ऑनलाइन खेळाच्या साइटचा माणूस होता. पत्ते आणि क्रिकेटवर पैसे लावायची साइट. नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना माझ्याकडून फुकट जाहिरात नको. त्याचं म्हणणं साधं होतं. मावशीच्या दुकानात गाव रिचार्ज करतं, तर त्या गिऱ्हाइकांचे नंबर द्यावेत. बदल्यात कमिशन.

"नाव बी नाही पाहिजे आंटी, सिर्फ नंबर. नंबरनं काय होते?"

"काईच नाई होत," मावशी म्हणाली. तिने पेन उचललं. "तुह्या मायचा नंबर सांग."

"जी?"

"तुह्या मायचा. मंग बहिनीचा. मी आंजीच्या पोरायले देतो. सिर्फ नंबर."

तो हसला, मग हसायचा थांबला. मावशी पेन धरून तशीच बसली होती. बापूराव टपरीतून म्हणाले, "भाऊ, चहा पिऊन जा. इथं दुसरं काई भेटनार नाई."

तो चहा न पिताच गेला. तिने नंबर दिले नाहीत म्हणून साइट आंजीत यायची थांबली नाही. ती फोनमधून आली. असल्या साइटला बसथांबा लागत नाही.

प्रफुल्ल सरांना मी आधीपासून ओळखत होते. आपल्या घराच्या पुढच्या खोलीत ते दहावीच्या मुलांना गणित शिकवायचे. गावाचा या माणसावर जीव. एका दुपारी ते दुकानात आले तेव्हा मी संगणकावर बसले होते. त्यांचा चेहरा पाहून मावशी मला म्हणाली, "पोरी, बाहेर जा."

"राहू द्या मावशी," सर म्हणाले. "इंग्रजी वाचायचं हाय. मले येते, पन माहे डोळे ठरून नाई राह्यले."

मग त्यांनी सांगितलं. वर्षभरापूर्वी काही महिने ते त्या साइटवर खेळत होते. घरात माहीत नव्हतं. खेळायच्या आधी साइटने ओळख पटवायला म्हणून आधारकार्ड हातात धरून काढलेला फोटो मागितला, तो दिला. फोनमधले सगळे नंबर पाहायची परवानगी मागितली, तीही दिली. पुढे स्वतःच्याच मनाने त्यांनी खेळणं सोडलं, ॲप काढून टाकलं आणि संपलं असं समजले. ते संपलं नाही. मुलांची फी जमा व्हायच्या आसपास त्यांना साइटचे निरोप येऊ लागले. मग बायकोच्या फोनवर आला, 'प्रफुल्लने तुम्हाला खेळायला बोलावलं आहे.' तो फसवा निरोप आहे असं सांगून त्यांनी वेळ मारून नेली. आणि आता चतुर्थीला केळझरच्या गणपतीला गेले असता, देवळाच्या पायऱ्यांवर एका माजी विद्यार्थ्याने हात धरून विचारलं, "सर, पार्टी कधी?"

त्या मुलाच्या फोनमध्ये सरांचा फोटो होता. तोच, ओळख पटवायला दिलेला. आधारकार्डाचा भाग कापून टाकलेला, मागे नोटांचा पाऊस. खाली लिहिलं होतं, 'वर्ध्याचे प्रफुल्ल सर जिंकले. तुम्ही कधी?'

"मी कवाच जिंकलो नाई," सर म्हणाले. "अन् हे माह्या पोरायच्या मायबापायले गेलं. माह्याच फोनातले नंबर."

मावशी उठली. दुकानाचं शटर तिने अर्धं खाली ओढलं आणि मला म्हणाली, "वाच."

साइटवर 'गोपनीयता धोरण' नावाचा एक लांबलचक मजकूर होता. मी त्याचा मराठीत अर्थ सांगत गेले. आपण किती वाजता खेळता, किती वेळ खेळता, हरल्यावर किती वेळाने परत येता, कोणत्या गावातून, कोणत्या फोनवरून, हे सगळं आम्ही नोंदवतो. ही माहिती आम्ही आमच्या सहयोगी संस्थांना देऊ शकतो. सहयोगी संस्था कोण, ते लिहिलं नव्हतं. आपण खातं बंद केलं तरी आवश्यक तितका काळ आम्ही ती ठेवू शकतो. आवश्यक किती, तेही लिहिलं नव्हतं. आपला फोटो आम्ही प्रसिद्धीसाठी वापरू शकतो. कंपनीचा पत्ता समुद्रापलीकडच्या कुठल्यातरी बेटावरचा होता.

"याचं नाव काय म्हनलं?" मावशीने विचारलं.

"गोपनीयता धोरण."

"म्हंजे गुपित ठेवाचं?"

"हो."

"अन् लिहून राह्यले का आमी सगळ्यायले सांगू." तिने तोंडातलं पान बाहेर जाऊन थुंकलं आणि परत आली. "माह्या सासूले बी हेच जमे. 'कोनाले सांगजो नको' म्हने अन् विहिरीवर सांगून ये. पन तिनं कवा ते छापून सही नाई घेतली, बाप्पा."

सरही क्षणभर हसले. मग म्हणाले, "मी तं ॲप काढून टाकलं होतं, मावशी."

"तू तुह्या फोनातून त्यायले काढलं," ती म्हणाली. "त्यायनं तुले थोडंच काढलं?"

साइटला खातं आणि फोटो मिटवण्याची मागणी आम्ही तिथल्या तिथे पाठवली. यंत्राने उत्तर दिलं की आपली विनंती आम्हाला मोलाची आहे. बस. सर जाताना दारात थांबले आणि म्हणाले, "घरी अजून सांगितलं नाई, मावशी."

"मले काय सांगतं ते?" ती म्हणाली. "मी काई आयकलंच नाई."

मी मात्र ऐकलं होतं. असा विषय हाती आल्यावर मी गप्प बसणाऱ्यातली नाही. दोन दिवसांत मी पत्रक लिहिलं. 'आंजीच्या सरांचा चेहरा कोणी विकला?' असं शीर्षक. खाली सरांचं नाव, साइटने काय काय मागितलं, कोणाला दिलं, सगळं. बोरगावहून आंजीला येऊन मी ते मावशीला वाचून दाखवलं. आयुष्यात एवढं धारदार मी काही लिहिलं नव्हतं. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "मस्त हाय. त्याले विचारलं का?"

"विचारीन. पण मावशी, नाव आल्याशिवाय धार येत नाही. लोक नावानेच वाचतात."

"त्या साइटवाल्यानं बी हेच म्हटलं असन," ती म्हणाली. "चेहरा लावल्याशिवाय गिऱ्हाईक नाई येत."

मी वाद घातला. म्हटलं, ते पैशासाठी करतात, आपण लोकांसाठी. तिने सगळं ऐकून घेतलं. "तू चांगल्यासाठी करून राह्यली, ते मले समजते. पन त्याच्या घरी माहीत नाई. त्याची बायको तुह्या पत्रकातून वाचन का? ज्याचं त्यानं सांगावं, पोरी. ठेव ते पिशवीत."

पत्रक पिशवीत गेलं. मी चिडले होते आणि त्या दिवशी तिच्याकडे जेवले नाही. ती म्हणाली, "नको जेवू. जेवन तुह्यं हाय."

पण खरी कसोटी माझी नव्हती, तिची होती. आठवड्याने रंजनावहिनी दुकानात आल्या. त्यांचा मुलगा सरांकडे शिकायचा. मी तिथेच होते. वहिनींनी फोन पुढे केला. पडद्यावर सर, मागे नोटा.

"मावशी, हे खरं हाय का? पोरगा म्हन्ते, सर खेळते तं वाईट कसं असन. त्यानं बापाच्या आधारचा फोटो काढून ठेवला. आज संध्याकाळी त्या साइटवर टाकतो म्हन्ते. सर तुमच्याकडे येते. तुमाले माहीत असन."

माहीत होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. मी मावशीकडे पाहिलं. त्या बाईने आयुष्यभर जी एक गोष्ट सांभाळली, ती मोडली तर सरांचं घर हलतं आणि न मोडली तर एक पोरगा त्या खड्ड्यात जातो. माझ्या तोंडापर्यंत शब्द आले होते. मावशीने हात वर करून मला थांबवलं.

"रंजना, मले नको विचारू," ती म्हणाली. "सरले विचार. संध्याकाळच्या आंदी विचार. तू इथं बस, चहा पी. मी आलो."

तिने चपला घातल्या आणि भर उन्हात सरांच्या घराकडे निघाली. मीही मागे गेले. सर ओसरीवर वह्या तपासत होते. मावशी पायरीवर उभी राहिली, आत गेली नाही.

"प्रफुल्ल, रंजना माह्या दुकानात बसली हाय. तिच्या पोरानं बापाचं आधार काढून ठेवलं, तुहा फोटो पाहून. तिनं मले विचारलं. मी काई सांगितलं नाई. सांगनार बी नाई, तुही शपथ. पन रंजना तुह्याकडे येईन. तू काय सांगतं ते तुह्यं."

सरांनी वही बंद केली. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मग ते उठले आणि आत गेले. मावशीने लगेच पाठ फिरवली, माझाही खांदा धरून फिरवला. आम्ही दोघी रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिलो. आतलं बोलणं ऐकू येऊ लागलं तशी मावशी मोठ्या आवाजात मला भगवानकाकांच्या घोरण्याची गोष्ट सांगू लागली. मी ती शंभरदा ऐकलेली होती.

बऱ्याच वेळाने सर बाहेर आले. पाठोपाठ त्यांची पत्नी आली. डोळे लाल, पण पदर खोचलेला. "चाला," ती म्हणाली, "रंजनाले मीच सांगतो, यायले अर्धं सांगाची सवय हाय."

त्या संध्याकाळी सरांनी वर्गातली मुलं आणि त्यांचे आईबाप अंगणात बसवले. उभे राहून, फळ्याचा आधार न घेता, त्यांनी सांगितलं. मी खेळलो. मी हरलो. हा फोटो मी ओळख पटवायला दिला होता, मिरवायला नाही. मागचे लोक पुढे सरकून ऐकत होते. कोणी हसलं नाही. रंजनावहिनींच्या मुलाने खिशातून फोन काढून आईच्या हातात दिला. मी बरीच भाषणं ऐकली आहेत, काही लिहूनही दिली आहेत. एवढं सरळ भाषण मला कधी लिहिता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर दुकानात आले. मला म्हणाले, "तू काई लिहिलं होतं म्हन्ते."

मी मावशीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी नाई सांगितलं. तुह्याच तोंडावर लिहिलेलं राह्यते सगळं."

मी पिशवीतून पत्रक काढून दिलं. सरांनी उभ्याने वाचलं, एका ठिकाणी माझं गणित सुधारलं आणि म्हणाले, "छाप. नाव राहू दे. अन् हा फोटो बी टाक, तोच. खाली लिही का या टायमाले मले विचारून छापला."

वडिलांनी ते पत्रक रात्रपाळी न करता, दिवसाढवळ्या, दार उघडं ठेवून छापलं. तो फोटो अजून फिरतो. पोलिसात तक्रार झाली, साइट नाव बदलून परत आली, तेही लिहिलं पाहिजे. पण आंजीत तो फोटो कोणाच्या फोनवर आला की लोक त्याच्याखाली आमचं पत्रक पाठवतात. एकच चेहरा, दोनदा. एकदा चोरलेला, एकदा दिलेला. सरांच्या वर्गात आता पूर्वीपेक्षा जास्त मुलं आहेत.

इंदूमावशी गेल्या हिवाळ्यात गेली. तेरवीला माणसं मावत नव्हती. जो तो तिच्याविषयी एक गोष्ट सांगत होता आणि प्रत्येकाची गोष्ट स्वतःचीच होती. त्या बूथवरून मी पळून गेलेल्या भावाला फोन केला होता. त्या बूथवरून मी नोकरी सुटल्याचं कळवलं होतं. दुसऱ्याची गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. एवढ्या वर्षांत गावाची सगळी गुपितं तिच्या दारातून गेली, पण गावाला तिचा धाक वाटला नाही, ही तिची कमाई. मी पत्रकांच्या घरात वाढले. माणसांची बाजू मोठ्याने घ्यायची असते, हे मी तिथे शिकले. पाठ फिरवूनही ती घेता येते, हे मला या बाईने शिकवलं, आणि ती माझी मावशी होती हे मी कुठेही ताठ मानेने सांगेन.

तिची मला सारखी आठवते ती मात्र तक्रारीच्या दिवसाची दुपार. पत्रक छापायला जाण्याआधी सरांना सायबर पोलिसांशी फोनवर बोलायचं होतं. ते दुकानातच खुर्ची ओढून बसले. मी वही उघडून शेजारी बसले.

"बाहेर," मावशी म्हणाली.

"मावशी, त्यांनीच छापायला सांगितलंय."

"जे छापाचं ते तुले सांगितलं. बाकीचं तो पोलिसाले सांगून राह्यला. तुले नाई." तिने भिंतीवरचं सूप काढलं. इतकी वर्षं ते तिथेच होतं. डब्यातली डाळ ओतली आणि सूप माझ्या हातात दिलं. "धर. माहे खांदे दुखते आता."

मी कडुनिंबाखाली वेताच्या मोढ्यावर बसले, दुकानाकडे पाठ करून. ती शेजारी दगडावर टेकली. मला पाखडता येत नव्हतं, डाळ मातीत सांडत होती. टपरीवरून बापूराव म्हणाले, "पत्रकवालीले कामाले लावलं वाटते."

"मावशी," मी विचारलं, "पहिले ते बिलाचं यंत्र वाजायचं. आता बोलणं संपलं ते कळणार कसं?"

"त्याचं झालं का तो येईन बाहेर," ती म्हणाली. "तोवर पाखड."

मी पाखडत राहिले. डाळीत एकही खडा नव्हता.